पन्नाशीचा माणूस कोणत्या यादीत आहे?



मागच्या हिवाळ्यात ओळखीचे एक काका आमच्याकडे बायोडाटा लिहून घ्यायला आले. वाशीम जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये त्यांनी २२ हंगाम काढले. कापूस मशीनवर लावला, गाठी उचलल्या, रात्रपाळ्या केल्या. या साली हंगाम सुरू झाला तेव्हा ठेकेदाराचा निरोप आला की तुम्ही येऊ नका, पोरं मिळाली आहेत. पत्र नाही, हिशेब नाही, नोटीस नाही. माणूस एका निरोपात संपला.

नाव, पत्ता, शिक्षण चौथी पास, इतके लिहून झाले. वयाच्या रकान्यावर आम्ही थांबलो. काका म्हणाले, "पंचेचाळीस लिही बाबू. खरं लिहिलं तर फोनबी येत नाही." काकांचे वय ५३.

त्या एका वाक्याने आम्हाला बराच विचार करायला लावला. आपल्या आजोबांच्या पिढीने शहरात भाड्याची खोली मिळावी म्हणून आडनाव लपवले. आजही आपले कितीतरी भाऊ-बहीण कंपनीत, होस्टेलमध्ये, भाड्याच्या घरात जात सांगताना चाचरतात. आता त्याच माणसांना वय लपवावे लागत आहे. ज्या गोष्टीत माणसाचा काहीही दोष नाही ती पोटासाठी लपवावी लागते, तिथे भेदभाव आहे. हे ओळखायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

आपल्या चळवळीत बेरोजगारी हा शब्द उच्चारला की डोळ्यासमोर पंचविशीतला पदवीधर येतो. त्याचा प्रश्न खराच आहे. पण त्याच घरात त्याचा पन्नाशीतला बाप कामावरून काढलेला बसलेला असतो आणि त्याला कोणी बेरोजगार म्हणत नाही. त्याला म्हणतात, "वय झालं." आम्हाला या लेखात एवढेच सांगायचे आहे की "वय झालं" हे उत्तर निसर्गाने दिलेले नाही. ते व्यवस्थेने दिलेले आहे, आणि त्याचा पत्ता जातीच्या घरातलाच आहे.

वय सगळ्यांचे वाढते, मग जात कुठे आली?

हा आक्षेप आम्हाला हमखास घेतला जातो. म्हातारपण काय जात बघून येते का? येते. निदान कामाच्या बाजारात तरी येते.

महाराष्ट्र शासनाचा अधिकारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. निवृत्तीचे वय ६० करा ही अधिकाऱ्यांच्या संघटनांची जुनी मागणी आहे. त्यांचे म्हणणे काय, तर माणूस ५८ ला थकत नाही, त्याचा अनुभव कामाला येतो. बरोबर आहे. वकील सत्तरीत जास्त फी घेतो. डॉक्टरचे केस पांढरे झाले की रुग्णाचा विश्वास वाढतो. आमदार-खासदाराला वयाची वरची मर्यादाच नाही. म्हणजे जिथे कामाचे मोल डोक्याने, खुर्चीने आणि ओळखीने ठरते, तिथे वय ही जमेची बाजू असते. जिथे मोल केवळ अंगमेहनतीने ठरते, तिथे वय म्हणजे खोट. आणि डोक्याची कामे कोणाकडे गेली, अंगमेहनतीची कोणाच्या वाट्याला आली, हे या देशात योगायोगाने ठरलेले नाही. जातिव्यवस्था कामांची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड लावते, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले. त्या उतरंडीत आम्ही एक ओळ जोडतो: जो जितका खाली, तो तितका लवकर म्हातारा ठरतो.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास आठवा. गिरणीत विणकाम खात्याला पगार चांगला होता. त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत, कारण धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळ होत असे. बाबासाहेबांनी १९२० च्या दशकाच्या शेवटी, संपाच्या काळात, हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर उघडपणे मांडला. आता पुढचा हिशेब करा. ज्याला पंचविसाव्या वर्षी कमी पगाराच्या खात्यात ढकलले, त्याचा फंड कमी, त्याची बचत कमी, त्याच्या पोरांचे शिक्षण कमी. जानेवारी १९८२ चा संप झाला, पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि पन्नाशीतले गिरणी कामगार रस्त्यावर आले. कोणी वॉचमन झाले, कोणी भाजीची पाटी घेतली. तेव्हा प्रत्येकाच्या हातात किती पैसे होते हे त्याच्या वयावर अवलंबून नव्हते. तरुणपणी कोणते दार त्याच्यासाठी बंद होते, त्यावर ते अवलंबून होते. पन्नाशीत होणारा वयाचा भेदभाव म्हणजे विशीतल्या जातीच्या भेदभावाचे साठलेले व्याज आहे.

आपल्या जिल्ह्यात हे कसे घडते

मुंबई लांब राहिली, आपल्या गावात बघू. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत तो आहे. मोठा उद्योग नाही. सोयाबीन, तूर आणि कारंजा-मंगरूळपीरकडे कापूस, यावर मजुरी चालते. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला, पण त्या रस्त्यावरून गाड्या धावतात तशी कामे काही गावात उतरली नाहीत.

पूर्वी शेतीत वयाप्रमाणे कामाची वाटणी होती. नांगरट, पोती उचलणे हे जवानांचे. निंदण, वेचणी, राखण, गुरे हे उतारवयातल्या बायामाणसांचे. पन्नाशीतली मावशी दिवसभर बसून निंदण करायची आणि सांजेला मजुरी घेऊन घरी यायची. ते निंदण तणनाशकाने खाल्ले. पाठीवर पंप घेतलेला एक पोरगा एका दिवसात जेवढे वावर फवारतो, तेवढ्यात दहा-बारा बायांची मजुरी जाते. सोयाबीनची सोंगणी राहिली होती, ती आता एकराच्या हिशेबाने गुत्त्याने जाते. गुत्ता घेणारी टोळी तरणीताठी माणसे निवडते, कारण टोळीत एक जण मागे पडला तर सगळ्यांचा पैसा कमी होतो. जिथे हार्वेस्टर आले, तिथे टोळीचीही गरज उरली नाही.

म्हणजे यंत्राने आणि औषधाने आधी हलकी कामे नेली. जड काम होत नाही म्हणून ज्यांना हलके काम मिळायचे, त्यांच्यासाठी काहीच उरले नाही. आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. निंदणात कंबर मोडून घेणे हे काही आपले ध्येय नव्हते. पण यंत्रातून वाचलेला पैसा वावराच्या मालकाच्या खिशात गेला आणि त्याची किंमत भूमिहीन मावशीने दिली, हे बोलायला नको का?

सालदाराचे तेच. पाडव्याला साल ठरायचे. तीस वर्षे एकाच वाड्यावर राबलेल्या सालदाराला एका पाडव्याला सांगतात, "आता तुमच्यानं होत नाही." तीस पाडव्यांचा फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या तांड्यांवर मुकादम उचल देताना कोयता बघतो, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जोडीतला एक पन्नाशीचा झाला, कंबरेने गेला, की उचल घटते किंवा मिळतच नाही. बंजारा भाऊ-बहिणींचा हा प्रश्न आणि आपला प्रश्न वेगळा नाही.

शहरात यावे तर ठिय्यावर सकाळी ठेकेदार गाडी उभी करतो आणि चेहरे बघून बोट दाखवतो. ज्यांचे केस पांढरे, ते दहा वाजेपर्यंत उभे राहतात आणि डबा घेऊन परत जातात. आता काही जण केस काळे करून ठिय्यावर येतात. सौंदर्याच्या जाहिरातीत हे कोणी दाखवणार नाही. सिक्युरिटी गार्डचे काम तरी मिळेल म्हणून जावे, तर जाहिरातीत वय २० ते ४०. खाजगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा कायदा आहे, तो ६५ वर्षांपर्यंत गार्ड ठेवायला परवानगी देतो. कायदा ६५ म्हणतो, जाहिरात ४० म्हणते आणि जाहिरातीला विचारणारा कोणी नाही.

पंधरा वर्षांची दरी

आता शासनाच्या याद्या तपासू. कार्यकर्त्याने भाषणापेक्षा योजनेचे निकष वाचावेत, असे आमचे मत आहे.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना: १८ ते ३५. ग्रामीण कौशल्य योजना: १५ ते ३५. अटल पेन्शन आणि श्रमयोगी मानधन या दोन्ही योजनांत प्रवेश: ४० पर्यंत. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम: १८ ते ४५, आपल्यासाठी पाच वर्षांची सवलत. आपल्या समाजासाठीच उभ्या केलेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या कर्ज योजना: १८ ते ५०. म्हणजे पन्नास ओलांडली की कौशल्याचे दार बंद, कर्जाचे दार बंद, पेन्शनमध्ये शिरण्याचे दार तर दहा वर्षे आधीच बंद.

आता दुसरे टोक बघा. श्रावणबाळ योजना: ६५ पासून. त्या आधी संजय गांधी निराधार योजना आहे, पण ती अपंग, विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजारी अशा निराधारांसाठी. केवळ काम मिळत नाही हे कारण तिथे चालत नाही. आणि उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे कुटुंबाला २१,००० रुपये ठेवलेली. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. एका माणसाने पूर्ण १०० दिवस काम केले तर ३१,२०० रुपये होतात. म्हणजे एका कायद्याने हमी दिलेली मजुरी पूर्ण मिळाली, तर दुसऱ्या योजनेच्या दृष्टीने तो माणूस गरीबच राहत नाही! ही थट्टा आहे की धोरण?

५० आणि ६५ यांच्यामध्ये पंधरा वर्षे आहेत. तिथे माणूस तरुण नाही म्हणून मदत नाही आणि म्हातारा नाही म्हणूनही मदत नाही. कामाच्या बाजारात तो म्हातारा, पेन्शनच्या टेबलावर तो जवान. एकाच माणसाचे वय दोन खिडक्यांवर दोन, आणि दोन्हीकडे त्याचे नुकसानच.

त्यात आधार कार्डाची भर. आपल्या जुन्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख कार्डावर १ जानेवारी आहे, कारण नोंदणी करणाऱ्याने चेहरा बघून साल टाकले. ५६ वर्षांच्या बाईचे कार्ड ६१ दाखवते, मग बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी होत नाही, कारण तिथे मर्यादा ६० आहे. दुसरीकडे ६६ वर्षांच्या बाबांचे कार्ड ५९ दाखवते, मग श्रावणबाळ मिळत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघात भरपाईच्या प्रकरणात वय ठरवताना आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. चांगले झाले. पण जिला शाळेचे दारच दाखवले गेले नाही, तिने दाखला कुठून आणायचा?

संविधान काय सांगते

सरकारी नोकरीतला भेदभाव रोखणारा अनुच्छेद १६(२) धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान आणि निवास ही कारणे मोजतो. त्यात वय नाही. खाजगी नोकरीत वयावरून नाकारू नये असा सर्वसाधारण कायदा आपल्या देशात नाही. अमेरिकेत १९६७ पासून ४० आणि त्यावरील वयाच्या कामगारांना असे कायद्याचे संरक्षण आहे. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात वय हे भेदभावाचे एक कारण म्हणून नोंदलेले आहे. तिथेही भेदभाव संपलेला नाही, पण तिथला कामगार निदान तक्रार करू शकतो. आपल्याकडे तक्रारीला नावच नाही.

तरीही संविधान या प्रश्नावर गप्प आहे असे कोणी म्हणत असेल तर त्याने अनुच्छेद ३९ चा (ङ) खंड वाचावा. कामगारांच्या आरोग्याचा आणि शक्तीचा गैरवापर होऊ नये आणि पोटासाठी नागरिकाला त्याच्या वयाला वा शक्तीला न पेलणारे काम पत्करावे लागू नये, असे धोरण राज्याने ठेवायचे आहे. अनुच्छेद ४१ कामाचा हक्क सांगतो आणि बेकारी, वार्धक्य, आजारपण व विकलांगता यांत सार्वजनिक साहाय्याचा हक्कही सांगतो. ही मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांच्यावर थेट कोर्टात जाता येत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण रोजगार हमीचा कायदा तरी कोठून आला? कोर्टातून नव्हे. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात लोक रस्त्यावर आले, मागणी झाली, १९७७ चा कायदा झाला. तत्त्वाला कायद्याचे रूप चळवळ देते.

१९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी बेकार माणसाची अवस्था मांडली आहे. उपाशी माणसासमोर एकीकडे नोकरी आणि दुसरीकडे त्याचे हक्क ठेवले, तर तो हक्क सोडून नोकरी घेईल, मग तिथे कामाचे तास ठरलेले नसोत की संघटना करायची मनाई असो. पोटाची भीती माणसाकडून स्वातंत्र्य काढून घेते, हा त्यांचा मुद्दा होता. म्हणूनच त्याच मसुद्यात त्यांनी विमा राज्याच्या मालकीचा असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला वेतनाच्या प्रमाणात विमा असावाच, अशी तरतूद सुचवली. ते १९४२ ते १९४६ या काळात मजूर सदस्य असताना सरकारी रोजगार विनिमय केंद्रांची सुरुवात झाली. काम आणि कामगार यांच्यामध्ये मुकादमाची मर्जी असू नये, सार्वजनिक यंत्रणा असावी, हा त्यामागचा अर्थ आम्ही घेतो. आज ठिय्यावर बोट दाखवणारा ठेकेदार म्हणजे त्या विचाराचा पराभव आहे.

आणि धम्माचे म्हणाल तर सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मालकाची नोकराप्रति पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्यातले पहिलेच असे की काम त्याच्या शक्तीप्रमाणे नेमून द्यावे. शिवाय जेवण व वेतन द्यावे, आजारात सेवा करावी, चांगलेचुंगले वाटून खावे, वेळेवर सुट्टी द्यावी. शक्तीप्रमाणे काम हा उपदेश अडीच हजार वर्षांपूर्वीचा, आणि तोच अर्थ ३९ (ङ) मध्ये आहे. शक्ती कमी झाली म्हणून माणूस काढा, असे तिथे कुठेही नाही. शक्ती बदलली तर काम बदला, असे आहे.

कायदा आहे, पण ठेकेदार त्याच्या बाजूने जातो

कामगार कपात करायची झाली तर त्या श्रेणीत शेवटी आलेला कामगार आधी कमी करायचा, आणि पुन्हा भरती करताना कमी केलेल्यांना आधी विचारायचे, हे तत्त्व औद्योगिक विवाद कायदा १९४७ मध्ये आले आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ते आहे. जुन्या कामगाराचे हे मोठे संरक्षण. पण आमच्या काकांची कपात झालीच नाही! त्यांना फक्त पुढच्या हंगामात बोलावले नाही. ठेका बदलला की कामगार नवा, कामगार नवा की नोकरीची वर्षे शून्य. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनला १० वर्षांची सेवा लागते. ठेकेदार दर वेळी नवा नंबर काढून देतो, जुने खाते जोडत नाही, आणि २० वर्षे राबलेल्याची कागदावर तीन-चार वर्षे दिसतात. आणि मिळून मिळून किमान पेन्शन किती? २०१४ पासून महिना १,००० रुपये.

सफाई कामगारांच्या बाबतीत लाड-पागे समितीच्या शिफारशीने वारसाला नोकरी मिळते. त्या हक्कासाठी आपण लढलो आणि लढू. पण ठेक्यावरच्या सफाई कामगाराला कसला वारसा? तो पन्नाशीत गटारीच्या वासाने फुफ्फुस घालवून घरी बसतो आणि त्याच्या जागी ठेकेदार दुसऱ्याच्या पोराला झाडू देतो. झाडू जातीतच राहतो, हक्क मात्र जातो.

रोजगार हमीला वयाची वरची मर्यादा नव्हती, ही २००५ च्या केंद्रीय कायद्याची मोठी गोष्ट. १८ च्या वर कोणीही काम मागावे. म्हणून साठीतल्या बाया त्या कामावर दिसतात. १ जानेवारी २०२३ पासून मोबाईलवर दिवसातून दोनदा फोटोची हजेरी सक्तीची झाली. नेट नाही, फोटो चढला नाही, तर दिवस गेला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात १२५ दिवसांचे आश्वासन आहे, पण शेतीच्या ऐन हंगामात वर्षातले ६० दिवसांपर्यंत काम बंद ठेवण्याचीही तरतूद आहे. का, तर शेतकऱ्याला मजूर मिळावेत. अहो, पण त्या हंगामात पन्नाशीच्या मावशीला गुत्त्याची टोळी घेतच नाही! ज्या दिवसांत वावर तिला नको म्हणते, त्याच दिवसांत सरकारी कामही बंद. तिने खायचे काय?

तरुण मित्रांनो, हे तुमचेच आहे

आता थोडे कडू बोलतो. एमपीएससीच्या वयोमर्यादेत एक वर्ष वाढवून मिळावे म्हणून आपण आंदोलने केली. योग्यच केले. खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही मर्यादाही मागणीशिवाय मिळालेली नाही. पण पुण्यात ज्या खोलीत बसून तुम्ही अभ्यास करता, त्या खोलीचे भाडे कोण पाठवते? पन्नाशीतला बाप किंवा आई. त्याचा हंगाम बंद झाला की महिन्या-दोन महिन्यांत तुमची मेस बंद होते आणि तुम्ही गावाकडची गाडी पकडता. बापाच्या वयावरून झालेला भेदभाव पोराची पदवी अर्धवट सोडवतो. हे आम्ही एका घरात नाही, अनेक घरांत पाहिले आहे.

आणि जे चाकण, रांजणगाव, वाळूजला कामाला आहेत, त्यांनी भरतीच्या जाहिराती पुन्हा वाचाव्यात. वय १८ ते २८. ट्रेनी, अप्रेंटिस, हेल्पर. तिशी आली की नवी बॅच. पन्नाशीचा प्रश्न तुमच्याकडे पन्नासाव्या वर्षी येणार नाही, तो तिसाव्याच वर्षी येणार आहे. मालकाला अनुभव नको आहे, त्याला न थकलेले आणि हक्क न मागणारे शरीर हवे आहे. जुना कामगार कायमपण मागतो, फंडाचा हिशेब मागतो, युनियन करतो. म्हणूनही तो "म्हातारा" ठरतो.

काही जण म्हणतील, आधीच नोकऱ्या नाहीत, त्यात म्हाताऱ्यांनी जागा अडवली तर तरुणांचे काय? हे भांडण आपल्याला लावून दिलेले आहे. बापाला काढून पोराला घेताना मालक पोराला बापापेक्षा कमी पैसे देतो. घरात एक पगार होता तो एकच राहतो, फक्त लहान होतो. आपण बाप विरुद्ध पोर अशी रांग लावायची की दोघांसाठी काम मागायचे?

एक कबुलीही देतो. आम्ही ज्या संस्थेत काम करतो, तिथे दोन वर्षांपूर्वी गावपातळीवरच्या कार्यकर्त्याची जागा भरायची होती. जाहिरातीत आम्हीच लिहिले होते: वय ३५ पर्यंत. कोणी सांगितले नव्हते. हात तसाच चालला. ज्या ताईने त्या गावात वीस वर्षे बचत गट चालवला, ती त्या एका ओळीमुळे अर्जच करू शकली नाही. ठेकेदाराला शिव्या देण्याआधी हे आठवते.

मागायचे काय, करायचे काय

मागण्या आम्ही अशा मांडतो. महात्मा फुले महामंडळाच्या योजनांची वयोमर्यादा ५० वरून ६० करावी. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण योजनेत भूमिहीनाला ६० वर्षांपर्यंत जमीन देता येते, तर शेळीपालनाला, दुकानाला कर्ज ५० लाच का थांबते? शासकीय ठेक्यांच्या निविदेत अट घालावी की ठेकेदार बदलला तरी कामगार बदलणार नाही आणि कामाला गरज नसेल तिथे वयोमर्यादा लावता येणार नाही. रोजगार हमीत रोपवाटिका, पाणी देणे, वृक्षसंगोपन अशी कामे पन्नाशीवरच्यांसाठी राखून ठेवावीत आणि हंगामातही भूमिहीनांसाठी ती बंद करू नयेत. अंगमेहनतीच्या मजुरांना श्रावणबाळचे वय ६५ वरून खाली आणावे आणि २१,००० ची मर्यादा बदलावी. आणि भेदभावाच्या कारणांत वयाची नोंद करणारा कायदा व्हावा.

मागणी मान्य होईपर्यंत थांबायची गरज नाही. प्रत्येक गावात आपले विहार आहे. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर दोन तास बसा. आपल्या वस्तीतल्या ४५ ते ६५ वयाच्या सगळ्या स्त्री-पुरुषांची यादी करा. प्रत्येकाचे आधार बघा, जन्मतारीख चुकली असेल तर शाळेचा दाखला शोधा. जन्मतारीख एकदाच दुरुस्त करता येते, म्हणून घाईने चुकीची करू नका. जो बांधकामावर जातो त्याच्या ९० दिवसांच्या कामाचे प्रमाणपत्र घेऊन ६० पूर्ण होण्याआधी मंडळात नोंदणी करा. ज्याने कंपनीत, जिनिंगमध्ये, ठेक्यावर काम केले त्याचे निधीचे जुने नंबर शोधून जोडा. कामाची मागणी तोंडी करू नका, लेखी करा आणि तारखेची पोच घ्या. कायद्याचे नाव बदलले तरी पोचपावतीची ताकद बदलत नाही. तुमच्या हातात मोबाईल आहे आणि तुम्हाला फॉर्म भरता येतो. तो बापाने दिलेल्या फीमुळेच भरता येतो.

जयंतीच्या मंचावर आपण ज्येष्ठांचा शाल देऊन सत्कार करतो. चांगली पद्धत आहे. पण शालीने चूल पेटत नाही. पुढच्या १४ एप्रिलला सत्काराबरोबर ती यादीही मंचावरून वाचली जावी: आमच्या वस्तीत काम मागणारे पन्नाशीवरचे इतके लोक आहेत, इतक्यांना मिळाले, इतक्यांना नाही. ज्या यादीत शासनाने त्यांना घेतले नाही, ती यादी आपण तयार करू.

काकांच्या बायोडाट्यावर आम्ही शेवटी ५३ लिहिले. त्यांना समजावले की खोटे वय आधार कार्डासमोर टिकणार नाही. ते काहीच बोलले नाहीत, कागद घडी करून खिशात ठेवला. अजून फोन आलेला नाही. आम्ही खरे लिहून त्यांचे नुकसान केले का, हा प्रश्न आम्हाला सुटलेला नाही. एवढे मात्र कळते की खरे वय लिहून काम मागता येईल अशी परिस्थिती त्या काकांना एकट्याने आणता येणार नाही. ते काम चळवळीचे आहे, म्हणजे तुमचे आणि आमचे.

जय भीम! जय संविधान!